उकळलेलं पाणी

वाडीच्या तोंडाशी मशीन टाकून बसणारा गंगाधर शिंपी बकुळाबाईंना पिशवी घेऊन निघालेलं पाहिलं की म्हणायचा, "निघाली काशीयात्रा!" कारण पिशवीतून फिरकीच्या तांब्याचं पितळी डोकं कायम बाहेर डोकावत असायचं. बकुळाबाई हसून म्हणायच्या, "काशी कसली मेल्या, काळाचौकी!" आणि झपाझप चालू लागायच्या.

बकुळा आगाशे ही गिरगावातली चारचौघींसारखी बाई. रोह्याकडून लग्न होऊन आली, दोन खोल्यांत सासूचं सोवळं सांभाळलं, दोन मुलगे वाढवले, नवऱ्याला फोर्टातल्या कचेरीत डबा दिला. भाषण सोडा, वाण्याशी हुज्जत घालायचीही तिला सवय नव्हती. पण छप्पन सालच्या जानेवारीत गिरगावात गोळीबार झाला, अश्रुधूर वाडीत शिरला आणि डोळे चोळत पोरं आत पळून आली. तेव्हा हिनं कळशीला दोर बांधला आणि गॅलरीतून पाणी खाली सोडलं. सासूबाई आतून ओरडत होत्या, "अगं, पिंपातलं नको! पिंपातलं नको!" आणि ही पिंपातलंच उपसत होती. पोरं कुठली, कोणत्या जातीची, हे विचारायचं तिला सुचलंही नाही. त्या दिवसापासून ती संयुक्त महाराष्ट्र समितीची झाली.

पाणी द्यायला तिला कधीच काही वाटलं नाही. घ्यायची वेळ आली की मात्र घसा मिटायचा.

हे तिला कळलं सत्तावन्नच्या निवडणुकीत. समितीच्या कचेरीत बसणाऱ्या नानामास्तरांनी बायकांच्या जोड्या पाडल्या आणि बकुळेच्या जोडीला परळची कौसल्या दिली. कौसल्या गिरणीत वाइंडिंगला होती, त्यामुळे रविवारीच मोकळी. बकुळेपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, काटक, बोलायला खणखणीत. नुकतीच, डिसेंबरात, दादरच्या चौपाटीवर तिनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, आणि पंचशील म्हणजे काय ते ती बकुळेला ट्रामच्या थांब्यावर उभी राहून बोटांवर समजावून सांगायची.

पहिल्याच रविवारी काळाचौकीच्या एका चाळीत घरच्या बाईनं पाण्याचे दोन पेले आणले. कौसल्येनं एक घटाघटा संपवला. बकुळेनं पेल्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "मला नको हो. कावीळ झाली होती. डॉक्टरांनी उकळलेलंच प्यायला सांगितलंय." कावीळ झाली होती हे खरंच होतं. थोरल्याच्या वेळी. ती बरी झाली त्यालाही आता जमाना लोटला होता.

बुद्धीला सगळं पटायचं. सभेत "जातपात विसरा" असं कोणी म्हणालं की टाळ्या वाजवणाऱ्यांत ती पहिली असायची. पण घशाला पटायचं नाही. आणि संध्याकाळी घरी गेलं की सासूबाई देवापाशी वात लावता लावता विचारायच्या, "बाहेर पाणी नाही ना प्यालीस?" "नाही," असं खरंखरं सांगता आलं की तिला बरंही वाटायचं. या बरं वाटण्याची लाज तिला अजून वाटायला लागली नव्हती.

फिरकीचा तांब्या मग दर रविवारचाच झाला. कौसल्येला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट पुढच्या घरांतून तीच आधी सांगू लागली, "ताईंना पाणी देऊ नका हां. त्यांचं पोट नाजूक आहे. उकळलेलंच लागतं." चणे-शेंगदाणे मात्र दोघी एकाच पुडीतून खायच्या. कोरड्याला विटाळ नाही, हा बकुळेच्या माहेरचा नियम. तो कौसल्येला ठाऊक असायचं कारण नव्हतं. एका पुडीत दोघींचे हात जायचे याचं तिला अप्रूप होतं. चाळीत जाऊन ती हे सांगायची, हेही तिनंच एकदा हसत सांगितलं. "आमची जाईबाई म्हणते, ती बामणीण तुझ्याबरोबर खाते? मी म्हटलं, बामणीण काय म्हणतेस, ताई आहे ती माझी."

त्या 'ताई'साठी बकुळा आठवडाभर रविवारची वाट पाहायची. घरात तिला सगळे 'अगं'च म्हणायचे.

मतदान जवळ आलं तेव्हा कौसल्या म्हणाली, "ताई, एकदा हे पार पडलं की आमच्याकडे जेवायला यायचं. चाळीतल्या सगळ्या बाया येणारेत. तुमच्यासाठी पाणी उकळून ठेवते, काळजी नको."

"येईन हो," बकुळा म्हणाली. तोवर घसा सुटेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. जायला तर हवंच होतं. न जाऊन चालणारच नव्हतं.

शेवटच्या रविवारी नानांनी त्यांना माझगावच्या टेकडीवर पाठवलं. "ख्रिस्ती वस्ती आहे, पण घरात मराठीच बोलतात. आपल्यातलं कोणी अजून तिकडे फिरकलेलं नाही. जाऊन या."

फेब्रुवारी संपत आलेला, तरी ऊन मार्च-एप्रिलचं. टेकडीला दगडी पायऱ्या, वळणावर क्रूस, त्याला झेंडूची माळ. कौलारू घरं एकाच्या खांद्यावर दुसरं बसावं तशी चढत गेलेली. दोघी एकेक दार करत वर चालल्या. लोक ऐकून घेत, मान डोलावत, एका म्हाताऱ्यानं तर सगळं भाषण ऐकल्यावर विचारलं, "ते खरं, पन नळाला पानी कधी येल?"

अर्ध्या चढावर बकुळेला तहान लागली. तिनं पिशवीत हात घातला तो ओल्या लगद्यातच गेला. तांब्याची फिरकी सैल राहिली होती. पत्रकं भिजून एकमेकांना चिकटली होती आणि तांब्या रिकामा होता.

"अगं बाई, ताई! तुमचं पाणी सगळं सांडलं!" कौसल्येचाच चेहरा उतरला. "आता हो काय करायचं? खाली जाऊया का?"

"चल गं, होतं तेवढं," बकुळा म्हणाली खरी. पण सगळ्यात वरच्या घरापाशी पोचेपर्यंत तिची जीभ टाळूला चिकटली होती.

त्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी मनुका निवडत बसली होती. गुडघ्यापर्यंतचं लाल लुगडं, कानांत जड सोनं, नाकावर चष्मा. रेजिनाबाय तिचं नाव.

"या गो बायांनो. मतं मागायला आलाव ना? आधी बसा. तोंडं बगा कशी झालीत."

कौसल्या बसायच्या आधीच म्हणाली, "मावशी, पाणी मिळेल का? मला कसलंही चालेल. पण या ताईंना उकळलेलं लागतं, त्यांचं पोट नाजूक आहे."

"मंग उकळू की. त्यात काय?"

"तुम्ही बसा, मावशी. चूल कुठं आहे तेवढं दाखवा. मी उकळते." आणि कौसल्या आत गेलीसुद्धा.

बकुळा ओट्यावर उन्हात घामाघूम होऊन बसली. तिची सबब आत चुलीवर चढली होती. आता पाणी येईल, उकळलेलं, कौसल्येच्या हातचं, आणि नाही म्हणायला काही कारण उरणार नाही.

रेजिनाबायनं चष्म्यावरून तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग मनुकांचं सूप बाजूला ठेवलं. "ये. तुला गारव्याला नेते."

घराच्या मागे टेकडीचा खडक कोरून केलेली एक खोली होती. ठेंगण्या दारातून वाकून आत जायचं. आत इतकं गार की बकुळेच्या अंगावर काटा आला. फळ्यांवर चिनी मातीच्या बरण्या, तोंडाला मलमल बांधलेली, आणि काचेचे पोटाळ बुधले. वास असा की लोणच्याची कोठी, रात्रभर अंबवलेलं पीठ आणि जास्त पिकलेली केळी एकत्र व्हावीत.

"हे काय हो?"

"वाईन. देवळात मिसेच्या प्रार्थनेला लागते ती मीच करते. फादरनं सरकारकडनं कागुद आनलाय. माजी सासू करायची, तिची सासू करायची." मग डोळे बारीक करून म्हणाली, "नाताळाला शेजारीपाजारी घेतात थोडी. आनि बाळंतिनींना."

बकुळा दाराकडे सरकली. दारूबंदीच्या सभेलाही ती टाळ्या वाजवून आली होती.

म्हातारी आवाज खाली आणून म्हणाली, "बाय, माज्या हातचं पानी तुला चालत नाय, ते मला तू ओट्यावर बसताना कळलं. तू पदर आवरून बसलीस. त्याचं मला काय नाय, वय झालं माजं. पन तू घेरी येऊन पडशील. औशिदाला तर विटाळ नाय ना तुमच्यात? तुमच्या गिरगावच्या बाया बाळंतपनात न्हेतात माज्याकडनं. मागल्या दारानं मागतात, पन न्हेतात."

हे ऐकून बकुळेनं त्या गार खोलीतून निघून जायला हवं होतं. पण 'औषध' हा शब्द तिच्या हाती लागला होता. आईनं बाळंतपणात द्राक्षासव दिलंच होतं की. तिनं मान खाली घालून हात पुढे केला.

पहिली आल्याची होती. लहानशा काचेच्या पेल्यात, पिवळसर. सुंठीच्या काढ्यासारखी घशात उतरली आणि उतरता उतरता घसा मोकळा करत गेली. ज्या घशाच्या मिनतवाऱ्या करून ती इतके आठवडे थकली होती, तो एका घोटात सुटला.

"ही जांभळाची." ही जिभेला आवळून धरणारी, तुरट, मग मागून गोड. बकुळेला रोह्याच्या परसातलं जांभूळ आठवलं, जांभळी झालेली परकराची किनार आठवली. दोन दिवस ती किनार लपवून ठेवली होती.

"आवडली?"

"कशी करता?" बाईचा हात ओळखणाऱ्या बाईनं विचारावं तसं बकुळेनं विचारलं.

"फळ चुरायचं. साखर, पानी, मूठभर गहू. मलमल बांधायची नि रोज लाकडी डावानं ढवळायचं, फेस बसंपरेंत. मंग गाळून ठेवायची. हात लावायचा नाय, घाई करायची नाय. मनुकांची असली तर निवळायला अंड्याचा पांढरा घालायचा. ही बग."

तिसरा पेला बकुळेच्या हातात होता. काळसर, तांबूस, खिरीच्या तळाशी बसलेल्या मनुकांसारखा दाट वास. अंडं हा शब्द तिनं ऐकला होता. तिनं पेला तोंडाला लावला. जिभेवर काहीतरी जुनं, शांत, परवानगी न विचारणारं पसरलं. तिला रडू येईल असं वाटलं, आणि आणखी थोडी मिळाली तर बरं, असंही वाटलं.

तेवढ्यात दारात सावली पडली.

कौसल्या उभी होती. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पेला. पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतून निववत होती. केस कपाळाला चिकटलेले, चुलीच्या धगीनं चेहरा लाल.

"ताई, चांगलं खळखळून उकळलंय. मी समोर उभी राहिले. आता होईल गार, दोनदा अजून खालीवर केलं की झालं."

तिनं आणखी दोनदा केलं, बोट लावून पाहिलं, आणि पेला पुढे धरला.

बकुळेचा एक हात मोकळा होता. तो पुढे जाईना. ती म्हणाली, "असू दे गं. आता नको. माझी तहान गेली." आणि दुसऱ्या हातातला पेला उगाच घट्ट धरला.

"काय पिताय तुम्ही?" कौसल्येनं विचारलं.

"औषध आहे," बकुळा म्हणाली.

रेजिनाबाय खाली बघून मलमल बांधत होती. "वाईन हाय ती," ती म्हणाली. "तुला पन देऊ?"

"मला नको, मावशी. मी शील घेतलंय." कौसल्या हे रेजिनाबायला म्हणाली; पण पाहत होती बकुळेकडे. पुढे केलेला पेला तिनं हळूहळू मागे घेतला. तिच्या चेहऱ्यावर राग दिसता तर बकुळेला बरं वाटलं असतं. ती मनातल्या मनात मागचे रविवार एकेक करून उलगडत होती, काळाचौकीच्या पहिल्या पेल्यापासून. ते सगळं तिच्या डोळ्यांत सरकत गेलेलं बकुळेला दिसलं. चण्यांच्या पुडीपाशी येऊन ते थांबलं, तेही दिसलं.

मग कौसल्येनं ते पाणी स्वतः प्यायलं. सावकाश, सगळं. पेला पालथा करून फळीवर ठेवला आणि म्हणाली, "चला. अजून खालची आळी राहिलीय."

पायऱ्या उतरताना बकुळेचे पाय तिचे राहिले नाहीत. क्रूसापाशी ती अडखळली तेव्हा कौसल्येनं तिचा दंड धरला, तो ट्रामपर्यंत सोडला नाही. तिनं धरावं असं बकुळेला वाटत होतं आणि सोडावं असंही. ट्राममध्ये ती एकदा म्हणाली, "कौसल्ये, अगं ते..." आणि पुढचं तिला जमलं नाही. कौसल्या खिडकीबाहेर बघत होती. खालच्या आळीचं मग राहिलंच.

वाडीत शिरताना गंगाधरनं मशीन थांबवलं. "काय बकुळाबाई, काशी पावली वाटतं!" जिन्यानं वर नेऊन कौसल्येनं तिला बाहेरच्या खोलीत पलंगावर बसवलं आणि स्वतः उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली. सासूबाई माळ हातात घेऊन बाहेर आल्या.

"काय झालं हो हिला?"

बकुळेनं तोंड भिंतीकडे फिरवलं. बोलली असती तर वास आला असता.

"उन्हाचा त्रास झाला त्यांना," कौसल्या म्हणाली. "पोट नाजूक आहे ना त्यांचं."

"पोट?" सासूबाई म्हणाल्या. "हिचं कसलं नाजूक? लोखंड पचवील."

कौसल्या जिन्याकडे वळली. सासूबाईंना मात्र माणुसकी आठवली. त्यांनी खिडकीतला कान तुटलेला कप उचलला. तो तिथे कशासाठी असतो ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आता कौसल्येलाही कळलं असावं. "थांबा हो, पाणी देते. लांबून आलात."

'त्यातून नको, माझ्या भांड्यातून द्या.' एवढं वाक्य होतं. बकुळा ते भिंतीकडे तोंड करून मनात म्हणत राहिली.

"नको, आजी," कौसल्या म्हणाली. "मी बाहेर उकळलेलंच पिते." आणि जिना उतरून गेली.

मतदान झालं, समितीचा माणूस निवडून आला, वाडीत पेढे वाटले. मतदानाच्या दिवशी कौसल्या नानांना सांगून दुसऱ्या जोडीत गेली होती. कारण काय ते तिनं सांगितलं नव्हतं. जेवणाचं बोलावणं पुन्हा आलं नाही. ते जेवण झालं, बाया नाचल्या, मटण छान होतं, हे बकुळेला दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

तांब्या तिनं माळ्यावर टाकला. पण तो माळ्यावर टाकल्यानं काय होणार होतं? सासूबाईंनी "बाहेर पाणी नाही ना प्यालीस?" म्हटलं की "नाही" हेच उत्तर खरं होतं, आणि ते देताना आता तिची मान वर होत नसे.

पाडव्यानंतरच्या रविवारी ती रिकाम्या हातानं बसमध्ये बसली आणि परळला उतरली. कौसल्येची चाळ विचारत विचारत गेली. नळावर बायकांची रांग होती. कळशी घेऊन उभ्या असलेल्या कौसल्येनं तिला पाहिलं. पुढे आली, चांगलं बोलली.

"या, बकुळाबाई. काय काम काढलंत?"

ताई नव्हे. बकुळेनं वाटभर जुळवलेलं सगळं तिथंच गळालं. ती म्हणाली, "तहान लागलीय."

रांगेतल्या माना वळल्या. कौसल्येनं कळशी शेजारणीकडे दिली, बकुळेला व्हरांड्यात बाकड्यावर बसवलं आणि खोलीत गेली. पेल्याचा आवाज येईल म्हणून बकुळा कान देऊन बसली. आवाज आला तो स्टोला पंप मारल्याचा.

स्टो बराच वेळ फरफरत राहिला. बायका येता-जाता बघत होत्या. एक पोरगी तिच्या समोर येऊन उभी राहिली आणि आईनं हाक मारल्यावर गेली. मग कौसल्या बाहेर आली, वाफाळणारा पेला फडक्यात धरून. तिनं तो बाकड्यावर ठेवला.

"उकळलंय," ती म्हणाली आणि नळावर आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

पाणी निवायला वेळ लागला असता. या वेळी ते खालीवर करून द्यायला कोणी नव्हतं. बकुळेनं पेला पदरात धरून उचलला आणि तसाच तोंडाला लावला. ओठ भाजले, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. तिनं दुसरा घोट घेतला.

"सावकाश," कौसल्या नळावरून म्हणाली. "पोट नाजूक आहे तुमचं."

रांगेतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. बकुळेनं पेला खाली ठेवला.

"नाही," ती म्हणाली. आवाज फाटला, पण रांगेच्या टोकापर्यंत गेला असावा. "पोट नाजूक नाही माझं. कधीच नव्हतं."

"ठाऊक आहे मला," कौसल्या म्हणाली, आणि तिचा नंबर आला होता म्हणून वाकून तिनं कळशी नळाखाली लावली.

बकुळा उरलेलं पाणी पीत बसली.